स्पॅनिशमधली 'मानो' आणि आपला हात

स्पॅनिश शिकायला लागले की अगदी सुरुवातीलाच एक नियम हाती पडतो. ज्या नामाच्या शेवटी 'ओ' येतो ते पुल्लिंगी आणि ज्याच्या शेवटी 'आ' येतो ते स्त्रीलिंगी. 'एल लिब्रो' म्हणजे पुस्तक, 'ला मेसा' म्हणजे टेबल. हा नियम बऱ्यापैकी चालतो. परंतु शरीराचे अवयव शिकायला घेतले की हातापाशीच तो मोडतो. हाताला स्पॅनिशमध्ये 'मानो' म्हणतात, शेवटी स्पष्ट 'ओ' आहे, आणि तरीही शब्द स्त्रीलिंगी आहे: 'ला मानो', अनेकवचनी 'लास मानोस'. त्यातच या शब्दाला लागून इतके वाक्प्रचार येतात की नुसता 'मानो म्हणजे हात' एवढा अर्थ पाठ करून वर्तमानपत्रातली एक बातमीही धड वाचता येत नाही. हा एकच शब्द नीट समजून घेतला तर स्पॅनिशच्या घडणीबद्दल बरेच काही कळते, आणि मराठी माणसाला तो इंग्रजीच्या आडवाटेने न जाता थेट आपल्या भाषेतून समजून घेता येतो, असे माझे मत आहे.

लिंगाचा घोळ लॅटिनमधून आलेला आहे. स्पॅनिश ही लॅटिनपासून निघालेली भाषा असून लॅटिनमध्ये हाताला 'मानुस' म्हणत. 'उस'ने संपणारी बहुतेक लॅटिन नामे पुल्लिंगी होती आणि स्पॅनिशपर्यंत येताना त्यांच्या शेवटी 'ओ' आला. 'मानुस' मात्र नामांच्या एका वेगळ्या गटातले होते, ज्याला व्याकरणकार चौथा वर्ग म्हणतात, आणि ते स्त्रीलिंगी होते. त्याचा शेवटचा ध्वनी इतरांसारखा बदलला, लिंग जुनेच राहिले. इटालियनमधली 'मानो', फ्रेंचमधली 'मँ' आणि पोर्तुगीजमधली 'मांव' याही स्त्रीलिंगीच आहेत, त्यामुळे गोव्यात ज्यांनी पोर्तुगीज शिकली आहे त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. लहानग्या हाताला काय म्हणायचे यावर मात्र स्पॅनिश जगतातच दोन तट आहेत. स्पेन आणि मेक्सिको येथे 'ला मानिता' म्हणतात, तर उरलेल्या लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'ला मानितो'. स्पॅनिशची रॉयल अकादमी दोन्ही रूपे ग्राह्य धरते.

येथे स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत, आणि त्यात फारसे काही हरवत नाही. स्पॅनिशमधले 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य आहेत. रोमन अक्षरे पाहून त्यांचा 'ट' आणि 'ड' करण्याची सवय आपल्याला इंग्रजीने लावली आहे. 'ब' आणि 'व' ही अक्षरे स्पॅनिश लिखाणात वेगळी असली तरी उच्चारात एकच आहेत, म्हणून दोन्हींसाठी येथे 'ब' वापरला आहे.

मराठीत 'हात' नेमका कोठून कोठपर्यंत असतो, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत सगळा हातच. कोपराजवळ हाड मोडले तरी आपण 'हात मोडला' म्हणतो आणि पंजाचे हाड मोडले तरी तेच म्हणतो. स्पॅनिशमध्ये हे चालत नाही. खांद्यापासून मनगटापर्यंतचा भाग 'ब्रासो' आणि मनगटापुढचा तेवढाच 'मानो'. मनगटाला 'मुन्येका' म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ बाहुली असा आहे. पायाचेही तसेच आहे: घोट्यापर्यंत 'पिएर्ना' आणि घोट्याखाली 'पिए'. त्यामुळे मेक्सिकोतल्या किंवा स्पेनमधल्या डॉक्टरांसमोर 'मानो दुखते' असे सांगून दंडाकडे बोट दाखवले तर ते गोंधळात पडतील. मराठी माणसाला ही चूक इंग्रजी बोलतानाही होते, पण स्पॅनिशमध्ये ती जास्त जाणवते, कारण तिथले वाक्प्रचारसुद्धा ही मनगटाची सीमा पाळतात. आपण रिकामे बसलेल्या माणसाला 'हातावर हात ठेवून बसला आहे' म्हणतो. त्यासाठी स्पॅनिशमध्ये 'मानो सोब्रे मानो', म्हणजे अक्षरशः हातावर हात, असेच म्हणतात. परंतु 'हाताची घडी घालून' याच्यासाठी 'मानो' येत नाही, 'दे ब्रासोस क्रुसादोस' येते, कारण घडी पंजांची घालता येत नाही. दुसरीकडे, माणसाबाहेर 'मानो'ची हद्द वाढते. चार पायांच्या जनावराचे पुढचे दोन पाय स्पॅनिशमध्ये 'मानोस' असतात. उपाहारगृहाच्या यादीत 'मानितास दे सेर्दो' असे दिसले तर ते डुकराचे पाये आहेत, एवढे ओळखून मागवावे.

आता वचनाकडे पाहू. मराठीत 'हात' या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन सारखेच असते. एक हात की दोन, हे 'धुतला' आणि 'धुतले' अशा क्रियापदावरून कळते. स्पॅनिशमध्ये नामालाच ते ठरवावे लागते, आणि वाक्प्रचारांत ते ठरून गेलेले असते. हात धुणे म्हणजे 'लाबार्से लास मानोस', नेहमी अनेकवचनी. लग्नासाठी मागणी घालणे म्हणजे 'पेदीर ला मानो', नेहमी एकवचनी. वर्गातल्या सगळ्या मुलांनी हात वर केले, हे सांगताना स्पॅनिश माणूस 'लेबांतारोन ला मानो' असे एकवचन वापरतो, कारण प्रत्येकाने एकेकच हात वर केला. हा हिशेब एकदा पटला की लक्षात राहतो.

'माझे हात' म्हणण्याचा मोहही येथे आवरावा लागतो. 'मी हात धुतले' या मराठी वाक्यात 'माझे' नाही, कारण दुसऱ्याचे धुतले असते तर तसे सांगितले असते. स्पॅनिशही असेच वागते: 'मे लाबो लास मानोस', यात 'मे' हा छोटा शब्द क्रिया स्वतःवर वळवतो आणि हातामागे फक्त 'लास' हे उपपद राहते. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा विद्यार्थी येथे हटकून 'मिस मानोस', म्हणजे 'माझे हात', असे लिहितो आणि मग ते खोडून काढायला त्याला वेगळा धडा लागतो. मराठीत विचार केला तर हा धडा लागतच नाही.

उपपदाबद्दल मात्र मराठी आपल्याला मदत करत नाही, कारण मराठीत उपपदेच नाहीत, आणि 'मानो'च्या बाबतीत सगळा खेळ त्यांच्यावरच आहे. 'दार' म्हणजे देणे. रस्ता ओलांडताना आई मुलाला म्हणते, 'दामे ला मानो', म्हणजे 'हात दे'. त्याच आईला जड कपाट सरकवायचे असेल तर ती शेजारणीला म्हणेल, 'दामे उना मानो', म्हणजे 'जरा हात लाव'. 'ला' म्हणजे तो ठरलेला, समोरचा, खराखुरा हात. 'उना' म्हणजे कोणताही एक, आणि तेथून त्याचा अर्थ मदत असा होतो. म्हणून 'पेदीर ला मानो' म्हणजे लग्नासाठी मागणी घालणे आणि 'पेदीर उना मानो' म्हणजे मदत मागणे, हा फरक ज्याने त्याने जपलेला बरा. स्पेनमध्ये मदतीसाठी 'एचार उना मानो' हे रूप जास्त ऐकू येते, ज्यात 'एचार' म्हणजे टाकणे. दक्षिण अमेरिकेत 'दार उना मानो'वर भर आहे. उपपद गाळून 'एचार मानो दे' असे म्हटले की अर्थ पुन्हा बदलतो: एखाद्या साधनाचा किंवा शिलकीचा आधार घेणे. बचतीला हात घालणे, असे आपण म्हणतो तेच.

'दार उना मानो'च्या पुढे 'दे पिंतुरा' जोडले तर आणखी एक अर्थ निघतो, आणि तो मराठी वाचकाला फार आवडण्यासारखा आहे. 'पिंतुरा' म्हणजे रंग. भिंतीला 'दोस मानोस दे पिंतुरा' दिल्या म्हणजे रंगाचे दोन हात दिले. आपल्याकडचा रंगारी अगदी हेच बोलतो: पहिला हात वाळू द्या, मग दुसरा हात मारू. इंग्रजीत येथे कोट येतो, म्हणजे अंगरखा आठवतो. मराठी आणि स्पॅनिश या दोघींना मात्र भिंतीवरून फिरलेला हात आठवतो. एकमेकींपासून इतक्या लांब वाढलेल्या दोन भाषांनी हे उसने घेतले असेल असे मला वाटत नाही. काम हाताने होते, म्हणून कामाची एक फेरी म्हणजे एक हात, हे दोन्हीकडे आपापले सुचले असावे.

दिशा सांगतानाही असेच आहे. 'आ मानो देरेचा' म्हणजे उजव्या हाताला, 'आ मानो इस्किएर्दा' म्हणजे डाव्या हाताला. माद्रिदमध्ये पत्ता विचारला आणि उत्तर आले की दुसरी गल्ली 'आ मानो देरेचा', तर त्याचे शब्दशः मराठी 'उजव्या हाताला दुसरी गल्ली' असे होते आणि ते अस्सल मराठी आहे. या दोन शब्दप्रयोगांचा आणखी एक उपयोग आहे. 'देरेचा', 'इस्किएर्दा' ही स्त्रीलिंगी रूपे 'मानो'शी जुळलेली आहेत, त्यामुळे असे प्रयोग तोंडात बसले की 'मानो'चे लिंग वेगळे घोकावे लागत नाही.

उजव्या हाताचा लाक्षणिक अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे. साहेबांचा उजवा हात, तसा 'सु मानो देरेचा'. डावा हात मात्र वेगळ्या वाटेने गेला. मराठीत डाव्या हाताचा मळ म्हणजे अगदी सोपे काम, आणि एखाद्याला डावे करणे म्हणजे त्याला कमी लेखणे. स्पॅनिशमध्ये 'तेनेर मानो इस्किएर्दा', म्हणजे डावा हात असणे, ही स्तुती आहे. अवघड माणसांशी, नाजूक प्रसंगी, न भांडता आणि न दुखावता काम काढून घेण्याची हातोटी ज्याच्याकडे आहे त्याला डावा हात आहे असे म्हणतात. स्पेनमधल्या माणूस विरुद्ध बैल अशा झुंजीत झुंजार, म्हणजे बैलाशी लढणारा माणूस, डाव्या हातात लाल कापड धरून जे डाव खेळतो ते विशेष कौशल्याचे मानले जातात, आणि या वाक्प्रचाराचा संबंध पुष्कळदा त्यांच्याशी जोडला जातो. 'इस्किएर्दा' या शब्दाचीही एक कथा आहे. डावा यासाठी लॅटिनचा जो शब्द होता त्याचे स्पॅनिश रूप 'सिनिएस्त्रो'. त्याला अशुभाचा वास लागला, आणि रोजच्या बोलण्यातली त्याची जागा बास्क भाषेतल्या 'एस्केर'शी नाते असलेल्या 'इस्किएर्दो'ने घेतली. जुना 'सिनिएस्त्रो' आजही भेटतो, पण बहुधा विमा कंपनीच्या कागदांवर, अपघात किंवा नुकसान या अर्थाने.

झुंजीचा विषय निघालाच आहे तर 'मानो आ मानो'बद्दल सांगितले पाहिजे, कारण इंग्रजी वर्तमानपत्रांमुळे हा शब्दप्रयोग आपल्याकडेही पोचला आहे आणि पुष्कळांना तो 'मर्द विरुद्ध मर्द' अशा अर्थाचा वाटतो. 'मानो'चा पुरुषाशी काहीही संबंध नाही. अर्थ 'हातास हात' एवढाच आहे. नेहमीच्या झुंजीत तीन झुंजार आणि सहा बैल असतात, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. दोघेच झुंजार असतील आणि प्रत्येकाने तीन तीन बैल घेतले असतील तर ती 'मानो आ मानो'. 1959 च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये आंतोनियो ओर्दोन्येस आणि त्याचा मेहुणा लुइस मिगेल दोमिंगिन यांच्यातल्या अशा सामन्यांनी देश ढवळून निघाला होता. आता दोन वक्त्यांचा वाद, दोन गायकांची जुगलबंदी किंवा दोन मित्रांनी मिळून रिकामी केलेली बाटली, यांपैकी कशासाठीही तो प्रयोग चालतो. लॅटिन अमेरिकेत 'एस्तामोस आ मानो' म्हटले तर त्याचा अर्थ आपली फिटंफाट झाली असा होतो, तो वेगळा.

जिथे दोन भाषांचे शब्द सारखे आणि अर्थ वेगळे, तिथे मराठी माणसाने सावध असावे. हात धुण्याचे उदाहरण घ्या. 'लाबार्से लास मानोस' याचा लाक्षणिक अर्थ जबाबदारी झटकणे. तो बायबलमधून आला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27 व्या अध्यायात रोमन अधिकारी पिलात लोकांसमोर पाणी घेऊन हात धुतो आणि येशूच्या रक्ताबाबत आपण निर्दोष असल्याचे सांगतो. मराठीत यासाठी 'हात झटकणे' किंवा 'हात वर करणे' आहे. आपण हात धुतो ते भलत्याच कारणांसाठी: वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे म्हणजे संधी साधणे, आणि एखाद्याच्या हात धुऊन मागे लागणे म्हणजे त्याची पाठ न सोडणे. या दोन्हींचे शब्दशः स्पॅनिश केले तर ऐकणाऱ्याला बरोबर उलटे ऐकू येईल. 'मेतेर मानो'चाही असाच धोका आहे. कामात हात घालणे या अर्थाने हा प्रयोग स्पॅनिशमध्ये आहे, पण कामाच्या जागी माणूस आला की त्याचा अर्थ अंगचटीला जाणे असा होतो. नवख्याने तो टाळावा.

विस्तवात हात घालणे हेही पाहण्यासारखे आहे. 'पोनेर ला मानो एन एल फुएगो पोर आल्गिएन', म्हणजे कोणासाठी तरी विस्तवात हात घालणे, याचा अर्थ त्या माणसाच्या प्रामाणिकपणाची हमी देणे. मध्ययुगीन युरोपात आरोपीला तापलेले लोखंड धरायला किंवा उकळत्या पाण्यात हात घालायला लावून तो खरा की खोटा हे ठरवत, आणि वाक्प्रचारात त्याच परीक्षेची आठवण आहे. ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. मराठेशाहीतल्या निवाड्यांत दिव्य होते. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा आणि नंतर हाताची तपासणी व्हायची. 'दिव्यातून जाणे' हा प्रयोग आपल्याकडे उरला, पण त्यात माणूस स्वतःची कसोटी देतो. स्पॅनिशमध्ये हात दुसऱ्यासाठी घातला जातो, आणि गंमत अशी की रोजच्या बोलण्यात हे वाक्य पुष्कळदा नकारार्थीच येते: त्या गृहस्थांसाठी मी काही विस्तवात हात घालणार नाही.

याउलट जिथे वाक्प्रचार जवळजवळ तंतोतंत जुळतात तिथे फार थांबण्याचे कारण नाही. 'येगार आ लास मानोस', हातांपर्यंत पोचणे, म्हणजे हातघाईवर येणे. 'उंतार ला मानो', हाताला तूप-लोणी चोपडणे, म्हणजे लाच देणे. आपण हात ओले करतो, एवढाच फरक. 'लेबांतारले ला मानो आ आल्गिएन' म्हणजे एखाद्यावर हात उगारणे. 'आ मानोस दे' म्हणजे कोणाच्या तरी हातून, विशेषतः मृत्यू आला असेल तर. 'मास बाले पाहारो एन मानो के सिएंतो बोलांदो' या म्हणीत उडणाऱ्या शंभर पक्ष्यांपेक्षा हातातला एक पक्षी बरा ठरतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपण सांगतोच. 'कोन लास मानोस एन ला मासा' म्हणजे कणकेत हात असताना पकडला जाणे, अर्थात रंगेहाथ. याच नावाचा पाककृतींचा कार्यक्रम स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर 1984 पासून काही वर्षे चालला होता, आणि त्या नावातला श्लेष आता समजेल. 'मानो दे सांतो', संताचा हात, हे अचूक लागू पडलेल्या औषधाला किंवा उपायाला म्हणतात. आपला हातगुण वैद्याच्या ठायी असतो, तिथला औषधाच्या.

एक वाक्य मात्र सावकाश उलगडण्यासारखे आहे: 'से मे फुए ला मानो कोन ला साल'. 'साल' म्हणजे मीठ, 'फुए' म्हणजे गेली. शब्दशः अर्थ काहीसा असा: मिठाच्या बाबतीत माझ्याकडून हातच निघून गेला. म्हणजे मीठ जास्त पडले. वाक्याचा कर्ता 'मी' नाही, हात आहे. 'मे' म्हणजे 'मला', ज्याला ते भोगावे लागले तो. आणि 'से' सांगतो की हे आपोआप घडले. चुकून घडलेल्या गोष्टी सांगायची स्पॅनिशची ही ठरलेली घडण आहे. पेला पडला तर 'से मे कायो एल बासो', किल्ल्या विसरल्या तर 'से मे ओल्बिदारोन लास याबेस'. इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याला ही घडण पचायला जड जाते, कारण तिथे 'मी पेला पाडला' असे सरळ म्हणायची रीत आहे. मराठी माणूस मात्र पेला पडल्यावर 'माझ्या हातून पडला' असे म्हणतो आणि चूक झाल्यावर 'माझ्या हातून चूक झाली' म्हणतो. माणसाला कर्तेपणावरून किंचित बाजूला सरकवण्याची सोय दोन्ही भाषांत आहे. स्पॅनिश ते 'से मे'ने साधते, मराठी 'हातून'ने. 'से ले फुए ला मानो' हे मारहाणीबद्दलही म्हणतात, आणि तिथे आपलेही वाक्य 'त्याचा हात सुटला' असेच असते.

'मानो' स्वयंपाकघरात आणि बाजारातही सापडते. मेक्सिकोत मका वाटायचा दगडी पाटा असतो, त्याला 'मेताते' म्हणतात. हा शब्द नावात्ल भाषेतला, स्पॅनिश लोक येण्याच्या आधीचा. त्यावर फिरवायचा वरवंटा म्हणजे 'मानो'. खलबत्त्यातला बत्ताही 'मानो'च. केळ्यांच्या फणीला लॅटिन अमेरिकेत 'मानो' म्हणतात, आणि कागदाच्या पाचशे ताव असलेल्या रिमाचा विसावा भाग, म्हणजे पंचवीस ताव, हीही एक 'मानो'. पत्त्यांच्या डावात ज्याने पहिले खेळायचे तो 'मानो'. स्पेनमधल्या 'मुस' या खेळात बरोबरी झाली तर निकाल त्याच्या बाजूने लागतो. गाडी दुरुस्तीच्या बिलावर 'रेपुएस्तोस' म्हणजे सुटे भाग आणि त्याखाली 'मानो दे ओब्रा' म्हणजे मजुरी. हाच 'मानो दे ओब्रा' अर्थशास्त्राच्या पानावर गेला की त्याचा अर्थ मनुष्यबळ होतो.

राजकारणात हा हात कडक होतो. 'मानो दुरा', कठोर हात, म्हणजे गुन्हेगारांशी सक्तीने वागण्याचे धोरण. एल साल्वादोरचे अध्यक्ष फ्रान्सिस्को फ्लोरेस यांनी 2003 मध्ये रस्त्यांवरच्या टोळ्यांविरुद्ध जी मोहीम उघडली तिचे अधिकृत नावच 'प्लान मानो दुरा' होते, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यानंतर आलेल्या आंतोनियो साका यांनी तिला 'सुपेर मानो दुरा' केले. ढिलाई दाखवणे म्हणजे 'आब्रीर ला मानो', हात उघडणे. मूठ आवळलेली की सैल, एवढ्यावर धोरणाची बाजू कळते, म्हणून मथळे लिहिणाऱ्यांना हे शब्द सोयीचे पडतात.

फुटबॉलमध्ये 'मानो' ही एका शब्दाची तक्रार आहे: चेंडू हाताला लागला. 22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीतल्या आस्तेका मैदानावर विश्वचषकाच्या उपउपांत्य सामन्यात इंग्लंडचे खेळाडू हीच तक्रार करत पंचांकडे धावले, कारण दिएगो मारादोनाने गोल हाताने ढकलला होता. पंचांनी तो मान्य केला आणि अर्जेंटिनाने सामना 2-1 असा जिंकला. थोडे मारादोनाचे डोके आणि थोडी 'ला मानो दे दिओस', देवाचा हात, असे त्याने नंतर सांगितले. हे उत्तर चपखल बसले याला भाषेचेही कारण आहे. स्पॅनिशमध्ये 'देहादो दे ला मानो दे दिओस', देवाच्या हाताने सोडून दिलेले, हे ओसाड आणि दुर्लक्षित जागेचे जुने विशेषण आहे. देवाचा हात हा शब्द लोकांच्या कानांना आधीच ओळखीचा होता, त्याने तो फक्त मैदानात आणला.

'मानो'ची लेकरेही पुष्कळ आहेत. 'मानेहार' म्हणजे हाताळणे, आणि लॅटिन अमेरिकेत गाडी चालवणे. 'मानोहो' म्हणजे जुडी, मग ती कोथिंबिरीची असो वा किल्ल्यांची. 'मानीरोतो', ज्याचा हात मोडका आहे तो, म्हणजे उधळ्या. 'मांको' म्हणजे हाताने अधू असलेला. 'दॉन किहोते' या कादंबरीचा लेखक सेर्वांतेस याला आजही 'लेपांतोचा मांको' म्हणतात, कारण 7 ऑक्टोबर 1571 च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला. तो तोडावा लागला होता असा समज आहे, पण तसे नव्हते. एखाद्याचे कसब मान्य करायचे असेल तर 'नो एस मांको', तो काही थोटा नाही, असे म्हणतात. 'मांगो' म्हणजे मूठ किंवा दांडा, आणि तव्याचा दांडा ज्याच्या हातात त्याची सत्ता, अशा अर्थाचा एक वाक्प्रचार आहे. मात्र 'मांगो' म्हणजे आंबाही होतो, आणि त्या शब्दाचा हाताशी काही संबंध नाही. तो दक्षिण भारतातल्या भाषांतून पोर्तुगीजांच्या तोंडी आणि तेथून पुढे गेला. असाच दुसरा परका मेक्सिकोत भेटतो. तिथे मित्राला 'मानो' म्हणून हाक मारतात तेव्हा तो 'एर्मानो', म्हणजे भाऊ, या शब्दाचा तुकडा असतो, आणि तो पुल्लिंगी असतो.

शेवटी शोधण्याची सोय. रॉयल अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात वाक्प्रचार साधारणपणे क्रियापदाखाली न देता त्यातल्या पहिल्या नामाखाली दिलेले असतात. त्यामुळे 'दार उना मानो', 'पोनेर ला मानो एन एल फुएगो' हे 'मानो'च्या नोंदीत शोधावेत, 'दार' किंवा 'पोनेर'च्या नाही. तव्याचा दांडा मात्र 'मांगो'खाली मिळणार नाही, कारण त्या वाक्प्रचारात आधी 'सार्तेन', म्हणजे तवा, येतो. 'मानो'ची नोंद लांबलचक आहे. ती एका बैठकीत वाचण्यापेक्षा बातमीत किंवा बोलण्यात एखादा प्रयोग अडला की तेवढाच पाहावा, आणि वहीत उतरवताना उपपद व वचन यांच्यासकट पुरा उतरवावा.